बाबांनी बाजूला काढलेले सेंट

पत्र: "आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. माझे सासरे सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेत. वय ७२, निवृत्त शिक्षक, नाण्यांचा नाद लहानपणापासूनचा. इथे बँकेतून पेनीची, म्हणजे एका सेंटच्या नाण्यांची, अख्खी पेटी मिळते हे कळल्यापासून ते रोज दुपारी भिंग घेऊन टेबलाशी बसतात. व्हिडिओ बघून त्यांनी साठेक नाणी 'डबल डाय' (चित्र दुहेरी उमटलेली) म्हणून बाजूला काढली आहेत आणि सगळी ग्रेडिंगला, म्हणजे पैसे भरून तपासून दर्जा ठरवून घ्यायला, पाठवायची म्हणतात. माझे यजमान वैतागतात. एकेका सेंटवर एवढे डॉलर घालायचे का, असं ते परवा बोलले आणि बाबा एकदम गप्प झाले. मला ते बघवत नाही. सोबत तीन नाण्यांचे फोटो पाठवते: १९५५ चं, १९६९ चं 'डी' अक्षर असलेलं आणि १९८४ चं. यातलं काही खरं आहे का? आणि नसेल तर बाबांना सांगायचं कसं? सांगलीच्या घरी १९११ चा चांदीचा रुपया आहे. पुढच्या खेपेला तोही इथे आणून विकायचं त्यांच्या मनात आहे."

ताई,

आधी निकाल सांगते, मग कारणं. १९५५ चं नाणं ती प्रसिद्ध 'डबल डाय' नाही. १९६९ चंही नाही. १९८४ च्या नाण्याबद्दल मात्र मला आशा वाटते. त्याचा एक नीट फोटो हवा, तो कसा काढायचा ते पुढे लिहिते. साठ नाणी तर अजिबात पाठवू नका. पाठवायची वेळ आलीच, तर एखाद-दुसरंच निघेल.

आता हे मी तुम्हाला नुसतं सांगितलं आणि तुम्ही ते बाबांना सांगितलं, तर ते पुन्हा गप्प होतील. ते शिक्षक आहेत. त्यांना उत्तर नको, रीत हवी. म्हणून पुढचा भाग त्यांच्या शेजारी बसून मोठ्यानं वाचा.

नाण्यावरचं चित्र ज्या पोलादी ठशानं उमटतं ती डाय. डायवर सगळं उलटं आणि खोलगट असतं. ही डाय बनते हबपासून. हबवरचं चित्र नाण्यासारखंच, सुलटं आणि उठावाचं असतं. हब प्रचंड दाबानं मऊ पोलादाच्या दांड्यात रुतवला की डाय तयार होते. पूर्वी एका दाबात पूर्ण चित्र उतरत नसे. दाबानं पोलाद कडक होई, म्हणून ते भट्टीत तापवून पुन्हा मऊ करायचं आणि हब दुसऱ्यांदा, गरज पडली तर तिसऱ्यांदा दाबायचा. दोन दाबांच्या मध्ये हब आणि दांडा केसभर जरी इकडेतिकडे फिरले, तरी त्या डायमध्ये दोन चित्रं एकमेकांवर सरकून कोरली जातात. 'डबल डाय' म्हणतात ती हीच. नाणं दोनदा ठोकलं गेलं असा याचा अर्थ नव्हे. नाणं एकदाच ठोकलेलं असतं, चूक त्याआधीच डायच्या पोलादात झालेली असते.

बाबांसाठी महत्त्वाची गोष्ट इथे आहे. चूक डायमध्ये असल्यामुळे त्या डायखालून गेलेल्या प्रत्येक चकतीवर तीच चूक, त्याच जागी, त्याच दिशेनं आणि तेवढ्याच मापानं उमटते. म्हणजे खऱ्या 'डबल डाय' नाण्याला जुळी भावंडं असतात, हजारोंच्या संख्येनं. आणि अमेरिकन सेंटवर इतक्या लोकांनी इतकी वर्षं भिंग फिरवलं आहे, की अशी बहुतेक प्रत्येक डाय कुणीतरी नोंदवून, क्रमांक देऊन, फोटोसकट ठेवली आहे. त्यामुळे "हे दुहेरी दिसतंय का?" या प्रश्नानं काहीच हाती लागत नाही. दुहेरी दिसणारी नाणी पेटीपेटीत सापडतात. बाबांनी प्रत्येक नाण्याला विचारायचा प्रश्न असा: हे कोणत्या डायचं? हातातलं दुहेरीपण नोंदलेल्या एखाद्या डायशी तंतोतंत जुळलं, तर नाणं ठेवायचं. "साधारण तसंच" दिसतंय, तर ते नाणं पेटीत परत.

आता फोटो बघू.

१९५५ चं नाणं. बाबांचा हात यावर का थांबला ते मला पूर्ण कळतं, कारण १९५५ ची 'डबल डाय' म्हणजे या छंदाचं दैवत. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत त्या वर्षी एका डायवर हब दुसऱ्यांदा दाबताना तो चांगलाच फिरला. सुमारे ४०,००० नाणी त्या डायनं पाडून झाल्यावर चूक ध्यानात आली. पण तोवर त्यातली वीस-चोवीस हजार इतर सेंटच्या ढिगात मिसळली होती, आणि तेवढ्यासाठी अख्खा ढीग वितळवायचा नाही असं टांकसाळीनं ठरवलं. त्या काळी यंत्रातून सिगारेटचं पाकीट २३ सेंटना मिळायचं आणि यंत्रात पंचवीसचं नाणं टाकायचं असायचं. म्हणून पाकिटाच्या पारदर्शक वेष्टनात दोन सेंट आधीच सरकवून ठेवत. यातली बरीच नाणी न्यूयॉर्क आणि मॅसॅच्युसेट्सच्या भागात अशी सिगारेटच्या पाकिटांतून लोकांच्या हाती आली. आज झिजलेल्या अवस्थेतही त्याला हजार डॉलरच्या वर किंमत येते.

ते ओळखायला भिंग लागत नाही. साल, 'लिबर्टी' हा शब्द आणि वरची 'इन गॉड वी ट्रस्ट' ही ओळ हातभर अंतरावरूनही दोन-दोनदा दिसते, आणि नाण्यावरचा लिंकनचा चेहरा मात्र जवळजवळ एकेरी राहतो. कारण हब मध्याभोवती फिरला. मध्याजवळ सरक कमी, कडेला जास्त. तुमच्या फोटोत फक्त सालातला शेवटचा पाच कडेच्या दिशेला फुगल्यासारखा, पाघळल्यासारखा दिसतो आणि बाकी सगळं एकेरी आहे. अशी १९५५ ची नाणी भरपूर आहेत. अमेरिकेत त्यांना 'गरिबाची डबल डाय' म्हणतात, पण ती डबल डाय मुळीच नाहीत. डाय लाखो ठोके खाऊन झिजली, धातू कडेकडे वाहून वाहून अक्षरांची कड बसली, एवढंच. काही लोक ती चार-दोन डॉलर देऊन हौसेनं घेतात. बाबांना आवडलं असेल तर ठेवू द्या. सिगारेटच्या पाकिटांची गोष्ट सांगताना हातात १९५५ चं नाणं असलेलं बरंच.

जाता जाता: १९५५ ची नक्कल खूप होते. कधी कुणी "खरं" म्हणून विकायला आणलंच, तर मागच्या बाजूला 'सेंट' शब्दातल्या शेवटच्या 'टी'ची उभी दांडी बघा. तिच्या डावीकडे डाय घासताना राहिलेल्या बारीक उभ्या रेषा खऱ्या नाण्यावर असतात.

१९६९ चं नाणं जास्त शिकवणारं आहे. त्यावर साल दुहेरी दिसतं आणि सालाखालचं 'डी' हे अक्षरही तसंच, त्याच दिशेला दुहेरी दिसतं. बाबांना वाटलं असणार की दोन ठिकाणी दुहेरी म्हणजे पुरावा भक्कम. खरं तर त्या 'डी'नंच निकाल उलटा लावला. 'डी' ही डेन्व्हर टांकसाळीची खूण. १९८९ पर्यंतच्या चलनी सेंटवर ही खूण हबमध्ये नसायची. डाय तयार झाल्यावर ती वेगळ्या पंचानं, म्हणजे अक्षराच्या छोट्या ठशानं, हातानं ठोकत. हब फिरल्यामुळे साल दुहेरी झालं असेल, तर नंतर ठोकलेलं 'डी' त्याच्याबरोबर दुहेरी व्हायचं काही कारणच नाही. साल आणि खूण दोन्ही एकाच दिशेला, एकाच तऱ्हेनं सरकलेली दिसली, तर ते नाणं पाडताना यंत्राच्या हादऱ्यानं झालेलं आहे.

याला 'मशीन डबलिंग' म्हणतात आणि बाबांच्या साठांतली बहुतेक नाणी याच जातीची निघतील असा माझा अंदाज आहे. ठोका पडून चित्र उमटल्यावर सैल बसलेली डाय किंचित घसरते आणि नुकत्याच उठलेल्या अक्षराची कड चेपून बाजूला ढकलते. त्यामुळे अक्षराशेजारी एक सपाट, चकचकीत, बुटकी पायरी तयार होते. नीट बघितलं तर ती पायरी अक्षरातूनच कापून काढलेली असते, म्हणजे मूळ अक्षर बारीक होतं. खऱ्या डबल डायवर याच्या बरोबर उलट: अक्षर जाड होतं, दोन्ही प्रतिमा गोलसर आणि उठावदार असतात, आणि अक्षरांच्या टोकांशी, जिथे दोन प्रतिमा वेगळ्या होतात तिथे, करवतीनं घेतल्यासारखी छोटी खाच दिसते. बाबांनी आधी ती खाच शोधावी. अक्षर जाड झालंय की बारीक, हे त्यानंतर. या दोन प्रश्नांवर साठ नाण्यांचा ढीग दहाच्या आत येईल.

१९६९ च्या सेंटची खरी डबल डाय आहे, पण ती सॅन फ्रान्सिस्कोची, 'एस' खुणेची. तिची किंमत हजारो डॉलरांत जाते. तिच्यावर साल, 'लिबर्टी' आणि वरची ओळ ठसठशीत दुहेरी आणि 'एस' मात्र एकेरी असतो, वर सांगितलेल्या कारणानं. त्याच सुमारास दोघा माणसांनी १९६९ चे बनावट दुहेरी सेंट पाडले होते, तेही टांकसाळीची खूण नसलेले. अमेरिकेची सीक्रेट सर्व्हिस ही सरकारी तपास यंत्रणा नकली नाण्यांच्या मागावर असताना सुरुवातीला काही खरी 'एस' नाणीही जप्त झाली. ती अस्सल असल्याचं नंतर मान्य झालं. बाबांच्या पेटीत 'एस'वालं १९६९ आलं, तर श्वास रोखून बघायलाच हवं. 'डी'वाल्यासाठी नको.

आता १९८४. त्यावर टांकसाळीची खूण नाही. त्या वर्षीची एक नोंदलेली डबल डाय आहे जिच्यात लिंकनच्या कानाच्या पाळीखाली दुसरी पाळी दिसते. तुमच्या फोटोत कानाखाली काहीतरी उठाव आहे खरा, पण वरून पडलेल्या पांढऱ्या उजेडात सगळं सपाट झालंय. आणि इथे एक धोका आहे. १९८२ मध्ये अमेरिकेनं सेंटचा धातू बदलला. आधी ९५ टक्के तांबं आणि वजन ३.११ ग्रॅम, नंतर जस्तावर तांब्याचा पातळ मुलामा आणि वजन २.५ ग्रॅम. त्या मुलाम्याखाली हवेचे फोड येतात, तो अक्षरांच्या कडेला फाटतो आणि आतली करडी रेघ दिसते. असा फोड किंवा रेघ नेमकी कानाजवळ आली, तर भलताच भास होतो. दुसरी पाळी खरी असेल तर तिला पहिल्या पाळीसारखाच ठाम, गोल आकार असेल. फोड असेल तर तो बोटाच्या नखानंही दबल्यासारखा वाटतो. पण नख लावू नका.

फोटो असा काढा: खोलीतले दिवे बंद, टेबललॅम्प नाण्याच्या एका बाजूला खाली झुकवलेला, उजेड तिरका. मग लॅम्प जागेवर ठेवून नाणं पाव-पाव फिरवा आणि प्रत्येक वेळी एक फोटो घ्या. सावली फिरेल, खरा उठाव नाण्यावरची जागा सोडणार नाही. भिंग दहापट मोठं करणारं असलं की पुरे. संगणकाला जोडायचे शंभरपट-दोनशेपट दाखवणारे स्वस्त सूक्ष्मदर्शक मिळतात, त्यांचा मी या कामासाठी आग्रहानं विरोध करते. एवढ्या जवळून प्रत्येक ओरखडा दुहेरी दिसतो आणि माणूस नाणं बघायचं सोडून डाग बघत बसतो. जी डबल डाय दहापट भिंगात दिसत नाही, तिला विकत घेणाराही क्वचित भेटतो.

आणि कोणतंही नाणं धुवायचं नाही. चिंच नाही, लिंबू नाही, टूथपेस्ट नाही. सांगलीच्या घरात पितळी देव जसे लख्ख करतात तसं तांब्याचं नाणं केलं, तर संग्राहकाच्या लेखी ते मेलं. मूळ रंग एकदा गेला की परत येत नाही.

बाबांच्या ढिगात दुहेरीखेरीज इतरही काही असेल. कडेला चंद्रकोरीसारखा तुकडा कमी असलेलं नाणं खरं असू शकतं, कारण पत्र्यातून चकत्या कापताना आधीच्या भोकावर पंच पडला की असं होतं. तिथे समोरची कड बघायची. खऱ्या तुकड्याच्या बरोबर समोर नाण्याची कडही थोडी बसकी, अस्पष्ट असते. पक्कडीनं किंवा करवतीनं केलेल्या कारागिरीत ती शाबूत राहते. चित्र एका बाजूला सरकून उरलेली चकती कोरी राहिली असेल आणि त्यावर साल दिसत असेल, तर ते जपून ठेवा. दोन्ही बाजूंना छापाच असलेलं नाणं बहुधा जादूगाराचं असतं, दोन नाणी कोरून एकात एक बसवलेलं. कडेच्या आतल्या अंगाला बारीक सांधा सापडतो. वाकलेलं, चेपलेलं, ड्रायरमध्ये फिरून कड गोल झालेलं नाणं ही टांकसाळीची चूक नव्हे, ते टांकसाळीतून बाहेर पडल्यावरचं नुकसान. त्याला किंमत एक सेंट.

बाबांनी यापुढे शोधायचं काय? माझी निवड सांगते. १९७२ चं खूण नसलेलं, ज्यात साल आणि अक्षरं उघड दुहेरी असतात. १९८३ ची मागची बाजू, कारण त्या वर्षीची मोठी डबल डाय मागे आहे आणि तिथल्या अक्षरांवर दिसते. पुष्कळजण फक्त चेहरा बघून नाणं खाली ठेवतात. १९९५ चं खूण नसलेलं, 'लिबर्टी' आणि 'इन गॉड' दुहेरी. हे तुलनेनं बरंच सापडतं, त्यामुळे किंमत माफक, पण स्वतःच्या हातानं पेटीतून काढलेलं पहिलं खरं नाणं बहुतेकांचं हेच असतं. आणि २००९ चा तो सेंट ज्यावर तरुण लिंकन ओंडक्यावर बसून पुस्तक वाचतो आहे. त्याच्या हाताकडे बघायचं, जास्तीचं बोट आहे का. १९९० च्या दशकात टांकसाळीनं हब एकाच दाबात उतरवायची पद्धत आणली, तेव्हा वाटलं होतं की डबल डाय संपल्या. पण तो एक दाब सुरू होताना दांडा जरा तिरका बसला तरी मधोमध सरक उमटते. म्हणून नव्या सेंटवर कडेची अक्षरं सोडून मध्यभाग बघायचा. चलनासाठी सेंट पाडणं अमेरिकेनं नोव्हेंबर २०२५ मध्ये थांबवलं, तेव्हा पेट्या मिळताहेत तोवर बाबांना खुशाल बघू द्या.

ग्रेडिंगचं. तिथे प्रत्येक नाण्यामागे शुल्क, व्हरायटी, म्हणजे नाणं कोणत्या डायचं ते, ओळखून लिहून देण्याचं वेगळं शुल्क, शिवाय जाण्या-येण्याचं विम्याचं टपाल. नाण्याची किंमत या सगळ्या खर्चाच्या कितीतरी वर असेल तरच पाठवायचं. त्याआधी दोन पायऱ्या आहेत. एक, नोंदलेल्या डायच्या फोटोंशी जुळवणी. ती घरीच होते आणि फुकट होते. दोन, 'कोनेका' ही अमेरिकेतल्या एरर-संग्राहकांची, म्हणजे टांकसाळीच्या चुकांची नाणी जमवणाऱ्यांची, जुनी संघटना आहे, तिथले जाणकार माफक शुल्कात नाणं तपासून देतात. जवळपास नाण्यांचं प्रदर्शन भरलं तर बाबांना घेऊन जा. तिथल्या टेबलांमागे त्यांच्याच वयाची माणसं बसलेली असतात आणि एका नाण्यावर तास-तास बोलतात. इंग्रजीची अडचण तिथे येत नाही, भिंग पुढे केलं की झालं.

तुमच्या यजमानांना एवढंच सांगा, की पेटी म्हणजे ५० नाण्यांच्या ५० गुंडाळ्या, किंमत २५ डॉलर, आणि बघून झाल्यावर ती बँकेत भरली की २५ डॉलर परत येतात. हा छंद ग्रेडिंगला पाठवण्याआधीपर्यंत जवळजवळ फुकट आहे. फक्त ज्या शाखेतून आणली तिथेच परत भरू नका, नाहीतर तीच नाणी पुन्हा घरी येतील. आणि बाबांना एक वही द्या. साल, खूण, दुहेरीपण नेमकं कुठे आणि कोणत्या दिशेला, आणि शेवटच्या रकान्यात नोंदलेल्या डायचा क्रमांक. तो रकाना रिकामा राहिलेलं नाणं पाठवायचं नाही, हा नियम त्यांचा त्यांनाच करू द्या. आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासलेल्या माणसाला नाणं नापास करायचा अधिकार मिळाला, की तुम्हाला काही सांगावं लागणार नाही.

राहिला १९११ चा रुपया. पंचम जॉर्जच्या त्या रुपयावर राजाच्या अंगावरच्या झग्यात छोटा हत्ती आहे. त्याची सोंड इतकी आखूड निघाली की लोकांना तो डुक्कर वाटला. ओरड झाली, नाणी मागे घेतली आणि १९१२ पासून हत्ती सुधारून काढला. म्हणून लोक त्याला 'डुकराचा रुपया' म्हणतात. ही टांकसाळीची चूक नव्हे, चित्र काढणाऱ्याची. त्या वर्षीच्या सगळ्याच रुपयांवर ते तसंच आहे. तरी नाणं मागणीतलं आहे आणि त्याची नक्कलही होते, तेव्हा सांगलीत कुणी घाईनं मागायला आलं तर देऊ नका.

आणि ते अमेरिकेला आणायचं तर अजिबात नाही. भारताच्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांवरचं नाणं ही पुरावस्तू ठरते आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. विकायचंच असेल तर भारतातच, ओळखीच्या नाणे-व्यापाऱ्याकडे किंवा रीतसर लिलावात. मोबाईलवर "तुमचं जुनं नाणं लाखो रुपयांना घेतो, आधी नोंदणी फी भरा" असे निरोप येतात, कधी रिझर्व्ह बँकेचं नाव आणि बोधचिन्ह लावून. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलं आहे, की जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या व्यवहारांशी तिचा काही संबंध नाही आणि त्यासाठी ती कसलंही शुल्क किंवा कमिशन मागत नाही. सांगलीच्या घरी जे कोणी असतील, त्यांना हे आजच फोन करून सांगा.

१९८४ चे चार फोटो पाठवा. वजनही करा, स्वयंपाकघरातला ग्रॅमचा दशांश दाखवणारा काटा चालेल. अडीच ग्रॅमच्या आसपास यायला हवं.